तीन समुद्रांचं पाणी



नाशिकहून मुंबईकडे निघालं की पांडवलेण्यांची टेकडी लागते. शाळेच्या सहलीत आपल्यातल्या बऱ्याच जणी तिच्या पायऱ्या चढलेल्या आहेत. वर गेल्यावर दम लागतो, पाणी प्यायचं, खाली नाशिक बघायचं आणि उतरायचं, एवढंच आपण करतो. भिंतीवरची अक्षरं ब्राह्मी लिपीतली, ती आपल्याला वाचता येत नाहीत. पण तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला लेख एका बाईने कोरवून घेतलेला आहे, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. तिचं नाव गौतमी बलश्री. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी हा तिचा मुलगा. नातू पुळुमावी गादीवर होता, त्याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं. स्वतःची ओळख तिने महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून दिली आहे. मुलाबद्दल ती पुष्कळ काही सांगते, त्यातलं एक असं, की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. घोडा खारं पाणी पीत नाही हे त्या म्हातारीला ठाऊक असणारच. राज्य कुठवर पोचलं ते सांगायची ती रीत होती.

ही गोष्ट सुमारे १९०० वर्षांपूर्वीची. त्याच डोंगरात दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याची नोंद त्यात आहे. सोपारा आणि कल्याणच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून आपल्याच बाजूने पैठणकडे जायचा. म्हणजे समुद्र आपल्यापासून फार लांब आहे, त्याचा आपला काय संबंध, हे जे आपण म्हणतो ते पूर्वी खरं नव्हतं. संबंध होता. तो मध्येच तुटला. कसा तुटला, आणि आता बायका तो कसा जोडत आहेत, ते आज आपण बोलणार आहोत.

समुद्र ओलांडला की माणूस बाटतो, असं आपल्याकडे पुढे मानलं जाऊ लागलं. जातीची माणसं त्याच्याशी जेवणखाण बंद करायची. हा नियम सगळ्यांना होता असं नाही हं. कोळी दर्यावर जातच होते, आंग्र्यांच्या आरमारात भंडारी खलाशी होते, रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी परदेशी बोटींवर नोकरीला जात होते. त्यांच्या पोटाचा तो धंदा होता. बंदी होती ती स्वतःला वरचं समजणाऱ्या घरांना. आणि त्या घरांतल्या बायकांना तर विचारूच नका, त्यांना उंबरठ्याची बंदी आधी आणि समुद्राची नंतर.

ओलांडलाच कुणी समुद्र, तर प्रायश्चित्त घ्यायचं. आणि प्रायश्चित्ताला लोक कुठे यायचे? आपल्या नाशिकला. मोहनदास गांधी १८८८ मध्ये बॅरिस्टरीसाठी विलायतेला निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या जातीने सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं. १८९१ मध्ये ते परत आले. घरी राजकोटला जाण्याआधी थोरल्या भावाने त्यांना नाशिकला आणलं आणि गोदावरीत स्नान घातलं. मग राजकोटला जातीला जेवण घातलं. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय. रामकुंडावर आजही आपण जातो, दिवे सोडतो, पण समुद्र ओलांडल्याचा दोष या गोदामाईत धुतला जात होता, हे तिथे उभं राहून कुणाच्या मनात येत नाही. खरं तर गोदावरी स्वतःच त्र्यंबकला उगम पावून समुद्राला जाऊन मिळते. तिला कुणी प्रायश्चित्त सांगितलं नाही.

त्याच्या आठ वर्षं आधी एक मराठी मुलगी निघाली होती. आनंदीबाई जोशी. जन्म कल्याणचा, १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झालं. मूल झालं ते दहा दिवसांत गेलं, आणि औषधपाणी झालं असतं तर ते वाचलं असतं हे तिच्या मनात बसलं. डॉक्टर व्हायचं तिने ठरवलं. एप्रिल १८८३ मध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली तेव्हा तिला १८ वर्षं पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. नवरा बरोबर नव्हता. मिशनरी बायकांच्या सोबतीने ती गेली. जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरली. म्हणजे जवळजवळ दोन महिने पाण्यावर. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली, वर्षाच्या शेवटी परत आली, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली. बावीस वर्षांचीही नव्हती. तिची रक्षा अमेरिकेत, जिने तिला लेकीसारखं ठेवून घेतलं होतं त्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. म्हणजे मेल्यावरही समुद्र ओलांडावा लागला. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई आपल्या लहान लेकीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या.

या दोघींचं धाडस कमी नव्हतं. आमच्या मते पुढे आलेल्या सगळ्यांपेक्षा ते जास्तच होतं. पण एक लक्षात घ्या. त्या बोटीत बसून गेल्या. बोट हाकणारे दुसरे होते. एसटीत बसणं आणि एसटी चालवणं यात जो फरक आहे तोच. एसटीच्या स्टेअरिंगवर बाई बसायला आपल्याकडे किती वर्षं लागली ते आठवा. समुद्रावर त्याहून मोठी अडचण होती. सुकाणू बाईच्या हातात द्यायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

आता थोडं शिडाच्या बोटीविषयी, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ती फक्त चित्रात पाहिली असेल. लांब पल्ल्याची शिडाची बोट वाऱ्यावर चालते. लहानसं इंजिन असतं, ते बंदरात शिरायला-निघायला. बाकी सगळा भार शिडावर, दोरावर आणि वाऱ्यावर. उंच काठी असते तिला डोलकाठी म्हणतात. बोटीच्या मागे पाण्यात जे पातं असतं आणि ज्याने दिशा वळवतात ते सुकाणू. बोट एका जागी धरून ठेवायला लोखंडी आकडा टाकतात त्याला नांगर म्हणतात. हो, नांगरच. जमिनीत घुसतो तोही नांगर आणि समुद्राच्या तळाला रुततो तोही. आणि बोटीच्या प्रमुखाला कोळी लोक म्हणतात तांडेल. हा शब्द आपण आज वापरणार आहोत, कारण कॅप्टनपेक्षा तो आपला आहे.

जगात अशा बोटींच्या लांबच्या फेऱ्या निघतात. त्यांचे दोन प्रकार. एक शर्यत, आणि दुसरी रॅली. रॅली म्हणजे काय हे समजायला आपल्याला लांब जायला नको. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते ना, तसं समजा. सगळे एका दिवशी निघतात, एका वाटेने जातात, कुणाला काही झालं तर बाकीचे जवळपास असतात. पहिला कोण पोचला याला फार महत्त्व नाही, सगळे पोचले पाहिजेत. अटलांटिक महासागर ओलांडणारी अशी दिंडी १९८६ पासून दर वर्षी निघते. नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवरून निघायचं आणि पलीकडे वेस्ट इंडीजच्या बेटांवर उतरायचं. अंतर सुमारे २,७०० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या थोडा वर. दोन-तीन आठवडे लागतात. त्यात नवराबायको असतात, निवृत्त झालेली माणसं असतात, मुलाबाळांची घरंही असतात. नोव्हेंबरच का? कारण तिकडची वादळं तोवर ओसरतात आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे स्थिर असतात. आपण मृगाची वाट बघून पेरतो तसं ते वाऱ्याची वाट बघून निघतात.

शर्यतीत मात्र पुढे जायची घाई. दक्षिण आफ्रिकेच्या केपटाउनहून ब्राझीलच्या रिओला जाणारी शर्यत १९७१ पासून आहे. ही शर्यत लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. रिओ म्हटल्यावर आपल्या जिल्ह्याची आठवण यायलाच हवी. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये तिथेच वल्हवायला गेला होता. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या तालुक्यातला मुलगा सैन्यात गेला, तिथे नाव वल्हवायला शिकला आणि जगात तेरावा आला. पाणी नसलेल्या गावची माणसं पाण्यावर कमी पडतात असं काही नसतं.

भारतात शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा झाली ती सैन्याच्या इंजिनिअर पलटणीतल्या अधिकाऱ्यांकडून. तृष्णा नावाच्या बोटीने ते १९८५ मध्ये मुंबईहून निघाले आणि १९८७ मध्ये परतले. सगळे पुरुष. त्यानंतर हे काम मनावर घेतलं ते एका निवृत्त माणसाने. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात त्यांनी युद्धनौका चालवली, वीरचक्र मिळवलं. निवृत्तीनंतर ते मुंबईत बंगला बांधून राहिले नाहीत. साताऱ्यातल्या फलटण तालुक्यात विंचुर्णी नावाचं छोटं गाव आहे, तिथे जाऊन राहिले. फलटणकडचं पाऊसमान काय असतं ते आम्ही सांगायला नको. तिथे बसून हा माणूस महासागराचे बेत करत होता. भारतीय माणसाने एकट्याने, शिडाच्या बोटीने पृथ्वीला फेरी मारावी, हा ध्यास त्यांचा.

त्यासाठी बोट गोव्यात बांधली. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा बोटी बांधायचा कारखाना आहे. बोटीचं नाव म्हादेई, म्हणजे मांडवीचंच दुसरं नाव. कॅप्टन दिलीप दोंदे हे नौदलातले मराठी अधिकारी तिच्यावरून ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. वाटेत चार ठिकाणी थांबले. त्यांच्या तयारीत हाताशी असलेले अभिलाष टॉमी २०१२ मध्ये त्याच बोटीवरून निघाले ते कुठेही न थांबता पाच महिन्यांनी परतले. आता बघा, पहिल्याने शिकून दुसऱ्याला शिकवलं. आवटी तेवढ्यावर थांबले नाहीत. बायकांनीही हे करावं असं ते म्हणत राहिले.

नौदलात बायका अधिकारी म्हणून १९९२ पासून घेतल्या जात होत्या. पण कुठे? हिशेब, पुरवठा, कायदा, शिक्षण अशा कामांवर. युद्धनौकेवर त्यांना नेमत नव्हते. जागा नाही, वेगळी सोय नाही, अशी कारणं सांगितली जात. आपल्याला ही कारणं ओळखीची आहेत. ग्रामपंचायतीत बाईला खुर्ची द्यायची वेळ आली तेव्हाही जागेचीच अडचण निघाली होती.

तर सहा जणी निवडल्या गेल्या. तांडेल वर्तिका जोशी. आडनावावरून मराठी वाटतात, पण त्या उत्तराखंडातल्या ऋषीकेशच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुलूच्या. पायल गुप्ता डेहराडूनच्या. विजया देवी मणिपूरच्या. ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. एक स्वाती पातर्लापल्ली तेवढ्या समुद्रकाठच्या, विशाखापट्टणमच्या. सहापैकी पाच जणींच्या गावाहून समुद्र दिसत नाही. ऋषीकेश तर नाशिकसारखंच, नदीचं तीर्थ. या मुली एकदम जगाच्या फेरीला निघाल्या नाहीत. आधी म्हादेईवर शिकल्या. २०१६ मध्ये मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या, मग केपटाउनपर्यंत. दोर वळणं, शीड शिवणं, इंजिन उघडून दुरुस्त करणं, वीज, पाण्याचा पंप, आकाशातल्या ताऱ्यांवरून जागा काढणं, जखमेला टाका घालणं, सगळं शिकावं लागतं, कारण भर समुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही.

त्यांच्यासाठी म्हादेईची धाकटी बहीण त्याच दिवाडीच्या कारखान्यात तयार झाली. तारिणी. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती नौदलात दाखल झाली. तारिणी म्हणजे तारून नेणारी, आणि संस्कृतात नावेलाही तारिणी म्हणतात. लांबी सुमारे ५६ फूट. आपल्याकडच्या मोठ्या कांदाचाळीएवढी समजा. डोलकाठी २५ मीटर, म्हणजे सातआठ मजली इमारतीएवढी. एवढ्या जागेत सहा बायका, त्यांचं धान्य, औषधं, हत्यारं, सुटे भाग आणि आठ महिने.

१० सप्टेंबर २०१७ ला त्या गोव्याहून निघाल्या. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, मग न्यूझीलंडमधलं लिटलटन, मग दक्षिण अमेरिकेखालच्या फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली, मग केपटाउन, असा रस्ता. सगळा पूर्वेकडे. उलट का नाही? पृथ्वीच्या खालच्या भागात, अंटार्क्टिकाच्या वरच्या बाजूला, पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो. आणि तिथे त्याला अडवायला जमीनच नाही. ना डोंगर, ना झाड. तो पृथ्वीभोवती फिरतच राहतो आणि लाटा वाढतच जातात. वेग पाहिजे तर त्याच वाऱ्यात शिरावं लागतं.

सगळ्यात लांब आणि कठीण टप्पा न्यूझीलंड ते फॉकलंडचा. डिसेंबर २०१७ मध्ये निघाल्या त्या जानेवारीत पोचल्या, ४१ दिवस जमीन नाही. थंडी हाडं गोठवणारी. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. लाटा सात-सात मीटर, म्हणजे दुमजली घरावरून पाणी यावं तशा. अशा वेळी सुकाणू धरणारीने स्वतःला पट्ट्याने बोटीला बांधून घेतलेलं असतं. बाहेर फेकली गेली तर त्या थंड पाण्यात माणूस फार वेळ जगत नाही, आणि वाऱ्यावर धावणारी बोट मागे वळवणं सोपं नसतं. १९ जानेवारी २०१८ ला त्यांनी केप हॉर्नचं टोक पार केलं. दक्षिण अमेरिकेचं ते शेवटचं टोक. तिथे शेकडो वर्षांत किती जहाजं बुडाली त्याला गणती नाही. खलाशांमध्ये त्याची तीच प्रतिष्ठा, जी गिर्यारोहकांत एव्हरेस्टची.

अशा बोटीवरचं रोजचं जगणंही जाणून घेण्यासारखं आहे. चूल, म्हणजे गॅसची शेगडी, पाळण्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते, नाहीतर वरण अंगावर यायचं. गोडं पाणी प्यायला आणि अन्नाला. आंघोळीची चैन नाही. पाऊस आला तर तो शिडावरून धरायचा, आपण पन्हाळीला हंडा लावतो तसा. आणि पहारा चोवीस तास, पाळीपाळीने. काही जणी जागतात, बाकीच्या झोपतात, आणि हाक आली की झोपलेलीनेही उठायचं. पाळी म्हटल्यावर दुसरी पाळीही आलीच. ती काही वादळ बघून येत नाही. बोटीवर बाजूला बसायला कोपरा नसतो. सुकाणू धरायची आपली वेळ आली की धरावंच लागतं, आणि त्याने ना बोट विटाळते ना समुद्र.

केपटाउननंतर वाटलं होतं अवघड संपलं. आता हिंदी महासागर, म्हणजे आपलंच अंगण. तिथेच सुकाणूची यंत्रणा बिघडली. घराचा उंबरठा दिसावा आणि चप्पल तुटावी तसं. मॉरिशसला थांबणं ठरलेलं नव्हतं, पण पोर्ट लुईला जावं लागलं. दुरुस्ती करून घेतली आणि २१ मे २०१८ ला गोव्यात पोचल्या. २५४ दिवस. २१,६०० सागरी मैल, म्हणजे ४०,००० किलोमीटर. विषुववृत्त दोनदा ओलांडलं. महासागर पार केले तीन. पांडवलेण्यातल्या बलश्रीने मुलाच्या घोड्यांसाठी जो आकडा कोरवून घेतला तोच.

आवटींनी हे बघितलं. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला ते गेले, वय ९१.

पण २०१८ हे वर्ष फक्त आनंदाचं नव्हतं. अभिलाष टॉमी त्या वर्षी जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत होते, गोल्डन ग्लोब नावाच्या. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांची बोट उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, पाठीच्या मणक्याला मार बसला. हलता येत नव्हतं. तीन दिवस ते तसेच पडून होते, मग मासेमारीवर गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा गोष्टी ऐकताना सगळं छान झालं असं वाटतं. महासागरात सगळ्यांचंच छान होत नाही. टॉमी बरे झाले, २०२२ मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. पहिलं कोण आलं माहितीये? कर्स्टन नॉयशेफर, दक्षिण आफ्रिकेची बाई. एकटीने, न थांबता पृथ्वीला फेरी, आणि वाटेत बुडालेल्या एका स्पर्धकाला वाचवायला वाट वाकडी करून गेली ती वेगळीच. अशी शर्यत एका बाईने जिंकायची ही पहिलीच वेळ. या बातमीला आपल्याकडच्या पेपरांत जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, असं आमचं मत आहे.

आता ती केपटाउन ते रिओची शर्यत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तारिणी पुन्हा गोव्याहून निघाली, या वेळी स्त्री-पुरुष मिळून. तांडेल कॅप्टन अतुल सिन्हा होते. २ जानेवारी २०२३ ला केपटाउनला शर्यत सुटली. अटलांटिक ओलांडून रिओ, आणि मग सगळी वाट परत. मे २०२३ मध्ये तारिणी गोव्याला आली तेव्हा सुमारे १७,००० सागरी मैल झाले होते. त्या बोटीवर दोन अधिकारी होत्या, कोझिकोडच्या दिलना के. आणि पुदुच्चेरीच्या रूपा ए. शर्यतीपेक्षा या दोघींची तालीम हाच त्या सफरीचा मोठा लाभ.

कारण पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०२४ ला, त्या दोघीच निघाल्या. सहा नाही, दोघी. शिकवणारे कोण, तर अभिलाष टॉमी, ज्यांची पाठ समुद्राने मोडली होती. दोघींच्या बोटीत एक झोपली की दुसरी एकटीच. बोलायलाही कुणी नाही. ३० जानेवारी २०२५ ला त्यांनी पॅसिफिकमधली नेमो नावाची जागा पार केली. तिथून सगळ्यात जवळची जमीन २,६०० किलोमीटरहून लांब. डोक्यावरून अवकाश स्थानक जातं ते ४०० किलोमीटरवर, म्हणजे तेव्हा सगळ्यात जवळची माणसं आकाशातली. तिथलं पाणी त्यांनी बाटल्यांत भरून घेतलं, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तपासायला. २९ मे २०२५ ला, २३८ दिवसांनी, त्या परत आल्या.

दरम्यान युद्धनौकेचं दारही उघडलं. ज्या नौदलात बाईला युद्धनौकेवर जागा नव्हती तिथे डिसेंबर २०२३ मध्ये आयएनएस त्रिंकट या युद्धनौकेचं नेतृत्व प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे आलं. भारतीय युद्धनौकेच्या पहिल्या स्त्री तांडेल, आणि या तर मराठीच. तारिणीमुळेच हे झालं असं आम्ही म्हणणार नाही, त्यामागे कोर्टकचेऱ्याही आहेत, बऱ्याच जणींची वर्षानुवर्षांची भांडणं आहेत. पण बाईला समुद्र झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांचं तोंड २१ मे २०१८ लाच बंद झालं होतं.

आणि ११ सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या गेटवेवरून आणखी एक बोट निघाली. त्रिवेणी. पन्नास फुटी, पुदुच्चेरीत बांधलेली. भूदल, नौदल आणि हवाईदल, तिन्हींतल्या मिळून दहा जणी. त्यांच्या तांडेल लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर. सुमारे २६,००० सागरी मैलांची फेरी, मे २०२६ पर्यंत मुंबईला परतण्याच्या बेताने.

गटाच्या पुढच्या बैठकीला एक करा. गावातल्या शाळेतून पृथ्वीचा गोल मागून आणा. सर नाहीतर बाई देतील, कपाटावर धूळ खात असतो. मुलींनाही बसवा. मुंबईवर बोट ठेवा आणि खाली-पूर्वेला ऑस्ट्रेलियापर्यंत न्या, तिथून न्यूझीलंड. मग गोल फिरवा, बोट निळ्यावरच ठेवा. दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत मध्ये काहीच लागत नाही, ते बघा. टोकाला वळसा घालून केपटाउन, तिथून वर मॉरिशसच्या बाजूने मुंबई. आणि सगळ्यात आधी कुणाला त्यावर नाशिक सापडतं तेही बघा, बारीक अक्षरात असतं.